सुंदररावाच्या दारातला पोहरा

"चार सालं भोगून आलाय त्यो. आता तरी पाणी द्या."

"तुरुंगाचं पाणी प्यालेल्याला माझ्या दारचं पाणी न्हाई."

"आड गावाचा हाय, तुमचा न्हाई."

"दार तर माझं हाय न्हवं? तू चुलीपुढं जा."

हे भांडण धामणवाडीच्या सुंदररावाचं आणि त्याच्या बायकोचं, छबुबाईचं. दिवेलागणीच्या वक्ताला ओसरीच्या आत चाललं होतं, आणि बायडाबाई ते ऐकत होती, गोठ्याच्या कुडामागं उभी राहून. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर रिकामी घागर. ती पाणी मागायलाच आली होती. मागायच्या आधीच जबाब मिळाला, म्हणून मागायची तकलीफ वाचली. आल्या पावली ती माघारी फिरली. जाताना गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. त्या घरातून तिच्याकडं बघितलं ते तेवढ्या म्हशीनंच.

भांडण ज्याच्यावरून, तो सटवा. बायडाबाईचा नवरा. धनगर माणूस, साठ-सत्तर मेंढरांचा धनी, उंच, मुका नव्हे पण मुक्यासारखाच. एका साली त्याची मेंढरं सुंदररावाच्या ज्वारीत शिरली. सुंदररावाच्या हुकुमावरून त्याचा सालगडी धर्मराज ती कोंडवाड्याकडं हाकायला लागला. हाकताना एक गाभण मेंढी काट्याच्या कुंपणात पडली आणि सटवाची काठी उठली. बसली ती धर्मराजाच्या डोळ्यावर. डोळा गेला. कोर्टात वकिलानं सटवाला पढवून ठेवलं होतं, काठी निसटली असं म्हण. सटवा उभा राहिला आणि म्हणाला, "निसटली न्हाई. मारली." झालं, चार सालं हर्सूलचा तुरुंग.

सुटून आला तेव्हा उन्हाळा होता. चौसाळ्याला एसटीतून उतरला आणि दोन कोस चालत गावात आला. तेव्हा धामणवाडीत पिण्याच्या पाण्याचा आड एकच, आणि तो सुंदररावाच्या दारापुढं. सटवानं पोहऱ्याला हात लावला. सुंदरराव ओट्यावर पान लावत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "पोहरा खाली ठेव." पारावर चार माणसं होती. चौघांनी माना दुसरीकडं वळवल्या. सटवानं पोहरा खाली ठेवला, अगदी हळू, भांड्याचा आवाजसुद्धा होऊ न देता, आणि कोरड्या तोंडानं माळावरच्या आपल्या खोपटाकडं गेला. त्याच दिवशी सांजच्याला बायडाबाई घागर घेऊन गेली होती.

आता गंमत बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी खोपटापुढं येऊन उभा राहिला तो धर्मराज. एका डोळ्यानं वाट बघत बघत आला, सटवाशेजारी बसला, चंची सोडली, तंबाखू मळली, अर्धी आपल्या तोंडात टाकली आणि अर्धी सटवाच्या तळहातावर ठेवली. म्हणाला, "सजा झाली, फिटलं." ज्याचा डोळा गेला त्यानं तंबाखू दिली. ज्याचा केस वाकडा झाला नव्हता त्यानं पाणी तोडलं.

मग पाणी कुठलं, तर ओढ्याचं. उन्हाळ्यात ओढा कोरडा. वाळूत हातभर झिरा खोदायचा, पाणी पाझरायची वाट बघायची आणि वाटीवाटीनं घागर भरायची. सटवा बायकोला जाऊ देत नसे. "माझ्यापायी झालंय, मीच आणतो." असे दोन महिने गेले. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी झिऱ्याच्या गारव्याला नाग येऊन बसलेला होता. बायडाबाई पोचली तेव्हा घागर काठोकाठ भरलेली होती. डसल्यावरसुद्धा त्यानं आधी घागर भरली होती, मग आडवा झाला होता.

मातीला सुंदरराव आला. इस्त्रीचे पांढरे कपडे घालून आला, तालुक्याच्या राजकारणातला माणूस, मातीला जायची त्याला सवय. म्हणाला, "माणूस साधा व्हता." आणि बायडाबाईला म्हणाला, "काई लागलं तर सांग."

तेव्हा बायडाबाईनं पहिल्यांदा मान वर केली. "सांगीन की, आण्णा."

लोकांना वाटलं, बाई नरम आहे.

धनगराच्या बाईच्या हातात ना कागद, ना शिक्का. पण मेंढराची लेंडी आहे, आणि लेंडीला कमी लेखू नये. रानात चार दिवस मेंढरं बसवली की पुढची दोन सालं ज्वारी माणसाच्या डोक्याला लागते. त्यापायी कुणबी धनगराची वाट बघतो, त्याला धान्य देतो, चहा पाजतो, पाव्हण्यासारखा ठेवतो. बायडाबाईनं काय केलं, की सुंदररावाच्या रानात मेंढरू बसू दिलं नाही. आपलं तर नाहीच, पण पाटोद्याकडून, धर्मापुरीकडून जे जे कळप त्या वाटेनं जायचे, त्या सगळ्यांच्या बायकांना तिनं सटवाची हकीगत सांगितली. पुरुषांना सांगितली नाही. पुरुष विसरतात. सुंदररावाच्या बांधाच्या अलीकडं मेंढरं बसायची, पलीकडं बसायची, आणि मधली त्याची वीस एकर तेवढी कोरडी जायची. त्यानं खताची पोती आणून ओतली. पोत्याची ज्वारी वाढली, पण शेजारच्या ज्वारीपुढं ती थोरल्या भावापुढं धाकटा उभा राहावा तशीच दिसायची.

एवढ्यानं बायडाबाईचा जीव निवला नाही. ज्वारी बुडली म्हणून काय झालं, वाक्य तर जिवंतच होतं. तुरुंगाचं पाणी प्यालेल्याला माझ्या दारचं पाणी न्हाई. ते वाक्य सुंदररावाकडूनच गिळवायचं होतं. कसं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

रस्ता सापडला तो चौसाळ्याच्या बाजारात. ती मेंढा विकायला गेली होती. स्टँडवर एक माणूस पिशवी छातीशी धरून बसलेला. सकाळी जाताना बघितला तिथंच दुपारी, आणि उन्हं कलली तरी तिथंच. जवळ गेल्यावर ओळख पटली. गावातलाच बजरंग. अकरा विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी उचकटून विकल्या म्हणून आत गेला होता.

"का बसलायस असा?"

"उठू का?" बजरंग म्हणाला. तुरुंगातून आलेला माणूस असा ओळखू येतो. स्टँडच्या फरशीवर बसायला, उठायला, नळाला तोंड लावायलासुद्धा परवानगी विचारतो.

"गावात कोण घेईल मला, माय? निम्म्या गावाच्या मोटारी मीच नेल्यात."

बायडाबाईला त्या वक्ताला त्याची दया आली असं कुणी म्हणू नये. तिच्या डोळ्यापुढं सुंदररावाचा ओटा आला. "चल," ती म्हणाली. "मुख्य गल्लीनं जायचं. मान वर करून."

धनगराच्या घोंगड्याला मान असतो. देवाचा भंडारा त्याच्यावर पडतो, न्यायाला पंच त्याच्यावर बसतात. आणि बायडाबाईच्या घराण्यात अशी रीत, की ज्यानं घोंगड्यावर बसून घरच्या माणसाबरोबर एका भाकरीचे तुकडे खाल्ले, तो घरचा झाला. त्याला हात लावायचा तर आधी त्या घराला लावावा लागतो. बायडाबाईनं भर गल्लीत, आडाच्या कट्ट्याला लागून, सुंदररावाच्या ओट्यासमोर घोंगडं अंथरलं. बजरंगाला बसवलं. आपण बसली. भाकरी मोडली, ठेचा वाढला. पाणी आपल्या घागरीतलं दिलं. शाळेजवळ तोवर हापसा झाला होता, ती त्याचं पाणी आणायची. आडाच्या पाण्याला तिनं सटवाचं पाणी तुटलं त्या दिवसापासून ओठ लावला नव्हता.

सुंदरराव ओट्यावर उभा राहिला. "माझ्या दारात हा काय तमाशा?"

"दार तुमचं हाय, आण्णा," बायडाबाई घास चावत म्हणाली. "आड गावाचा हाय."

ओसरीच्या आत छबुबाईच्या हातातली परात खाली पडली. हे शब्द तिचे होते. ते बाहेर गेले कसे, हे तिला त्या क्षणी समजलं.

भाकरी संपली तेव्हा बायडाबाई उठली, घोंगडं दोन्ही हातांनी धरून सुंदररावाच्या ओट्याकडं तोंड करून फडाफड झाडलं आणि खांद्यावर टाकून गेली. धूळ ओट्यावर, पानाच्या तबकावर, आण्णांच्या धोतरावर. पुढं हीसुद्धा रीतच झाली.

बजरंगाला तिनं चाळीस दिवस मेंढरामागं धाडलं. "मेंढरू इचारत न्हाई तू कुठून आलास." तिसऱ्या दिवशी मात्र एक काम करावं लागायचं, ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारी जायचं. बजरंगाला अकरा दारं होती. तीन दारी मार खाल्ला, पाच दारी शिव्या, दोन दारी चहा, एक दार बंदच होतं. चाळीस दिवस झाल्यावर बायडाबाई म्हणाली, "ज्या हाताला मोटार उचकटता येती, त्याला बसवता बी येत असंल." आज बजरंगाचं चौसाळ्याच्या स्टँडसमोर मोटार दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक पुष्कळ. लोक म्हणतात, मोटारीचं अंतरंग त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

मग एकाचे दोन झाले, दोनाचे दहा. बजरंग दुकानातून स्टँडवर नजर ठेवायचा आणि बायडाबाईच्या बटनाच्या फोनवर कळवायचा, "माय, एक पाखरू उतरलंय." ती भाकरी बांधायची, घोंगडं खांद्यावर टाकायची आणि निघायची. ठाण्यात हजेरीला त्यांच्याबरोबर जायची. रेशनकार्डातून नावं उडालेली असायची, तर तहसीलला खेटे घालायची. एकदा कारकुनानं विचारलं, "हे तुमचे कोण लागतात?"

"घोंगड्यावरचे."

"नात्याच्या रकान्यात काय लिहू?"

"ल्याक ल्ह्या. माझं एकच पोट हाय, तुमाला मोजायला सोपं."

सगळेच सुधारले असं नाही. अभिमन्यू नावाचा एक जण तिचे दोन मेंढे घेऊन पळाला. ती पाटोद्याच्या बाजारात गेली, दिवसभर मेंढरांच्या रांगेत हिंडली, आणि मेंढ्यांनीच तिला बघून बें केलं. अभिमन्यूच्या हातात दोन्ही मेंढ्यांचे दोर देऊन तिनं त्याला भर बाजारातून चालवत आणलं. "दाव्याला तू हायस का मेंढा, लोकांना कळंना," एवढंच म्हणाली. आणि बायकोला जाळलेला एक होता, त्याला तिनं आणलंच नाही. त्याची आई पाया पडली तरी नाही. सगळ्यांना आणायचं तिनं कुणाला वचन दिलं नव्हतं.

लोक म्हणायला लागले, बायडामाय म्हणजे देवमाणूस. ती ऐकून घ्यायची. एकट्या धर्मराजाला खरं ठाऊक होतं. म्हातारपणी चाकरी सुटली तसा तो तिच्या खोपटापुढं येऊन तंबाखू मळत बसायचा. एकदा म्हणाला, "बायडे, आण्णांनी त्या दिशी पाणी दिलं असतं, तर तू या चोरांकडं बघितलं असतंस का?"

"थुंकले नसते," बायडाबाई म्हणाली.

आणि मग दैवानं फासा टाकला. सुंदररावाचा धाकटा मुलगा अमरसिंह. मित्राच्या वरातीत परवान्याचं पिस्तूल घेऊन नाचला आणि हवेत म्हणून झाडलेली गोळी वाजंत्रीवाल्या बिभीषणाच्या छातीत गेली. माणूस जागेवर गेला. सात सालांची सजा झाली त्याला. सुटायचं साल आलं, आणि नेमका थोरला भाऊ जिल्हा परिषदेला उभा.

एका दुपारी छबुबाई डोक्यावरचा पदर ओढून माळावर आली. पहिल्यांदाच आली. बायडाबाईनं तिला घोंगडं टाकलं.

"सोमवारी अमर सुटतोय," छबुबाई म्हणाली. "त्येला परभारे पुण्याला धाडायचं म्हणत्यात. मतदान होईस्तवर गावात दिसू नगं म्हणं. फोनवर रडला गं. आई, मला घरी यायचंय म्हणला."

"मंग आणा की. दारात तीन गाड्या हायत."

"गाड्या हायत. माणूस न्हाई." छबुबाई थांबली. "बायडा, त्या दिशी तू गोठ्यामागं व्हतीस न्हवं?"

"व्हते. तुमी माझ्या बाजूनं बोललात, ते बी ऐकलं. म्हणून घोंगड्यावर बसवलं तुमाला. न्हाईतर लेंड्यांवर बसवलं असतं."

"आणशील माझ्या लेकराला?"

"आणते. जसे सगळे आणते तसा. पर पाणी मी देणार न्हाई. पाणी आण्णा देतील. आपल्या हातानं शेंदून, समद्या गावापुढं."

"त्ये न्हाई देणार."

"मंग पोरगं तहानलेलं बसंल."

"तुला दया-माया काई?"

"हाय की. लई हाय. पर ती आण्णांच्या वाटणीची न्हाई."

दुसऱ्या दिवशी धर्मराज आला, सुंदररावाचा निरोप घेऊन. "आण्णा म्हणत्यात, आणायचंच असंल तर अंधार पडल्यावर आण, उसातल्या पायवाटेनं, मागच्या दारी. बदल्यात काय पायजे ते माग." निरोप सांगून झाल्यावर त्यानं तंबाखूची पिंक टाकली. "ह्यो झाला आण्णांचा निरोप. आता माझा ऐक. मुख्य गल्लीनं आण. मला एका डोळ्यानं बघायचंय, उजेड चांगला पायजे."

सोमवारी बायडाबाई चौसाळ्याला गेली. अमरसिंह बजरंगाच्या दुकानापुढं पिशवी छातीशी धरून उभा होता. पस्तिशीचा गडी, कानावरचे केस पांढरे. "बसू का?" त्यानं विचारलं.

"बसायला वेळ न्हाई. चल."

"गाडी न्हाई आणली?"

"सटवा चालत आलता."

"कोण सटवा?"

बायडाबाई मधेच थांबली. एवढी सालं ती जे उरात घेऊन हिंडली, त्याचं या पोराला नावसुद्धा ठाऊक नव्हतं. तेव्हा हा चड्डीत असेल, दहा-अकरा वर्षांचा. त्या घरात ते नाव पुन्हा कुणी काढलंच नसेल. तिला चालताना कधी दम लागत नसे, तो तेव्हा लागला. मग तिनं सगळं सांगितलं. मेंढी, काठी, डोळा, पोहरा, झिरा, नाग. एक कोस त्यातच सरला.

अमरसिंहानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "म्हंजे तुमी माझ्यावर सूड घ्यायलात, माय."

"तुझ्यावर न्हाई. तू नुसता पोहरा हायस. दोर माझ्या हातात, आड तुझ्या बापाचा." ती फाट्यावर उभी राहिली. "पुण्याची गाडी चारला हाय. जायचं तर जा. तुला बांधून नेत न्हाई मी."

त्यानं मागं सडकेकडं बघितलं, पुढं गावाकडं बघितलं. म्हणाला, "तहान लागलीय."

"लागू दे," बायडाबाई म्हणाली.

चैताचं ऊन. दोघं मुख्य गल्लीत शिरली तेव्हा सुंदररावाच्या घराला आतून कडी होती. बायडाबाईनं आडाला लागून घोंगडं अंथरलं, अमरसिंहाला बसवलं, भाकरी मोडली, ठेचा वाढला. भाकरी कोरडी आणि ठेचा जहाल. घागर तिनं आणलीच नव्हती. गाव जमा झालं. बजरंग दुकान बंद करून आला होता, अभिमन्यू आला होता, जे जे त्या घोंगड्यावर बसून गेले होते ते सगळे गल्लीच्या कडेला उभे राहिले. कुणी पाणी आणलं नाही. बायडाबाईनं तसं सांगूनच ठेवलं होतं.

अमरसिंहानं दोन घास खाल्ले. तिसरा उतरेना. तो खोकला. ओठ पांढरे पडले. घटका गेली, दुसरी गेली. घोंगडं तापलं. पुढाऱ्यांची एक गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि गर्दी बघून मागच्या मागं गेली.

दार उघडलं. छबुबाई तांब्या घेऊन धावत आली. बायडाबाईनं हात आडवा केला.

"तुमी नगा, बाई. तुमचं पाणी मला त्याच दिशी पोचलंय."

"मरंल गं त्यो!"

"मेला तर गाव काय म्हणंल ते आण्णांना इचारा. मातीला त्ये चांगलं बोलत्यात."

छबुबाई माघारी वळली आणि जन्मात पहिल्यांदा नवऱ्यावर ओरडली. काय ओरडली ते गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकलं आणि कुणीच पुन्हा उच्चारलं नाही. मग सुंदरराव बाहेर आला. पंच्याहत्तरी उलटलेला, धोतराचा सोगा हातात. घरात नळ आल्यापासून त्यानं आडाच्या दोराला हात लावला नव्हता. त्यानं पोहरा आत सोडला. रहाट ओरडला. ओढताना दोर दोनदा मागं सुटला. धर्मराज दोन पावलं पुढं आला, त्याला बायडाबाईनं नजरेनंच मागं सारलं.

पोहरा वर आला. सुंदररावानं तो मुलापुढं धरला. "पाणी पी."

"नाव घ्या," बायडाबाई म्हणाली.

"अमर, पाणी पी."

"त्येचं न्हवं, आण्णा. ज्याला तवा दिलं न्हाई, त्येचं."

सुंदररावानं तिच्याकडं बघितलं. ती उन्हात बसली होती, मांडी घालून, पोथी ऐकायला बसावं तशी. घाई कसली ती नव्हतीच.

"सटवा," सुंदरराव म्हणाला. पोहरा नीट सावरला. त्यानं पुन्हा म्हटलं, "सटवा, पाणी पी."

अमरसिंहानं ओंजळ धरली आणि प्यायला. पीतच राहिला.

"झालं समाधान?" सुंदररावानं विचारलं.

"एका पोहऱ्यात? सटवा तीन म्हैने झिऱ्यावर गेला, आण्णा. हितून पुढं ह्या घोंगड्यावर जो बसंल, त्येला पाणी तुमीच द्यायचं."

सुंदरराव पाटीलकीचा असला तरी शेवटी कुणबीच. जाता जाता हळूच म्हणाला, "मंग औंदा मेंढरं बसवशील का रानात?"

"न्हाई," बायडाबाई म्हणाली, आणि घोंगडं झाडलं.

तिसऱ्या दिवशी अमरसिंहाला बिभीषणाच्या दारी जावं लागलं. बिभीषणाच्या बायकोनं त्याच्यावर चुलीतलं पेटलेलं लाकूड फेकलं. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. कितीदा गेला ते बायडाबाईनं मोजलं नाही, पण एके दिवशी बिभीषणाच्या बायकोनं त्याला सांगितलं, कौलं फुटलीत, पाऊस यायच्या आत फिरवून दे. त्यानं फिरवली. अजून ती त्याच्याशी बोलत नाही. कामं तेवढी सांगते.

इकडं एक वेगळंच झालं. त्या दिवशी कुणीतरी फोनमधे फोटो काढला होता, आण्णांच्या हातात पोहरा आणि पुढं ओंजळ. तो पेपरात छापून आला. वर लिहिलं होतं, ज्येष्ठ नेत्याची माणुसकी. थोरला मुलगा निवडून आला. बायडाबाईला बजरंगानं पेपर वाचून दाखवला तेव्हा ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. "बाजी मी मारली अन् गुलाल त्येला," म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिनं त्या पेपरात ठेचा बांधला आणि एकदम हसायला लागली. माणुसकी छापून आली म्हटल्यावर आता सुंदररावाला ती सोडता थोडीच येणार होती! पुढच्या वेळी घोंगडं अंथरलं तेव्हा तो आपसूक ओट्यावरून उतरला. त्याच्या पुढच्या वेळीही उतरला. उन्हातान्हात, दुखत्या गुडघ्यानं, ताप असला तरी. दर खेपेला तेच, पोहरा आणि सटवाचं नाव.

छबुबाई एकदा म्हणाली, "सोड गं आता त्येस्नी. हात उचलत न्हाईत."

"सटवाला कुणी सोडलं व्हतं का?" बायडाबाई म्हणाली.

यंदाच्या पौषात बजरंगाचा फोन आला. "माय, पाखरू हाय. बाईमाणूस." दिपाली नाव, शेजारच्या वाडीची. भांडणात जावेला ढकललं, ती जात्यावर पडून गेली. दिपालीला न्यायला माहेरचं कुणी आलं नाही, सासरचं तर येणारच नव्हतं. बायडाबाईला आठ दिवस खोकला होता. धर्मराज म्हणाला, या खेपेला अमरसिंहाला धाड, गाडी घेऊन जाईल. ती म्हणाली, गाडीत बसून आलेल्याला गाव बघत नाही. भाकरी बांधली, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि निघाली.

येताना वाटेत ती तीनदा टेकली. दिपालीनं दर वेळी विचारलं, "मी बी बसू का?" आणि तिसऱ्या वेळी बायडाबाई म्हणाली, "आता मीच तुला इचारते. बसू का जरा?" तेव्हा ती बाई तुरुंगातून सुटल्यापासून पहिल्यांदा हसली.

मुख्य गल्लीनं दोघी आल्या. घोंगडं अंथरलं. भाकरी मोडली. सुंदरराव काठी टेकत उतरला, पोहरा सोडला, ओढला. वर आला तेव्हा अर्धा सांडला होता.

"अर्धाच हाय, आण्णा."

त्यानं पुन्हा सोडला. रहाट रडत राहिला. बायडाबाई खोकत खोकत वाट बघत बसली. पोहरा भरून आला.

"सटवा, पाणी पी," सुंदरराव म्हणाला, आणि दिपालीनं ओंजळ पुढं केली.

भाकरी संपली. बायडाबाई कट्ट्याला धरून उठली. घोंगड्याची दोन टोकं आपण धरली, दोन दिपालीला धरायला लावली आणि ओट्याकडं तोंड करून ते झाडलं. हात पूर्वीसारखे जोरात चालले नाहीत, म्हणून आणखी दोनदा झाडलं. मग ते खांद्यावर टाकलं. "सकाळी सहाला मेंढरं सुटत्यात," ती दिपालीला म्हणाली. "पायात काईतरी घाल, माळाला काटा लई हाय." आणि दोघी माळाच्या वाटेला लागल्या.